अर्भकाची दुसरी सहामाही : तळेघर परिसराच्या निमित्ताने बालसंगोपनाच्या इतिहासाचा विचार

प्रस्तावना

इतिहासलेखनात तान्हे मूल क्वचितच येते. आले तर जन्मतिथीच्या रूपाने येते, नाहीतर मृत्यूच्या आकड्याच्या रूपाने. या दोन नोंदींच्या मधल्या जगण्याकडे इतिहासकाराचे लक्ष सहसा जात नाही, कारण त्याची कागदपत्रे नसतात. प्रस्तुत निबंधाचा विषय या दुर्लक्षित काळाचाही एक लहानसा तुकडा आहे : सहावा महिना पूर्ण झाल्यापासून पहिला वाढदिवस येईपर्यंतचा. या सहा महिन्यांत मूल बसू लागते, रांगते, दात येतात, माणसे ओळखू लागते आणि अनोळखी माणसाला बुजते. हे सर्व निसर्गक्रमाने घडते, मग त्याला इतिहास कोणता, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. परंतु ते घडत असताना मूल कोणाच्या कडेवर होते, त्याची आई कोठे होती आणि शासनाने त्याच्यापैकी नेमके काय मोजले, हे प्रश्न निश्चितच इतिहासाचे आहेत.

या विचारासाठी तळेघर परिसर निवडला आहे. आंबेगाव तालुक्याच्या पश्चिमेस, मंचर-घोडेगावहून भीमाशंकरकडे जाणाऱ्या मार्गावर हे गाव आहे. भोवतालची वस्ती प्रामुख्याने महादेव कोळी समाजाची असून ठाकर व कातकरी कुटुंबेही या पट्ट्यात आहेत. भात, नाचणी, वरई ही पिके, हिरड्याचे उत्पन्न आणि पूर्वेकडील बागायती पट्ट्यातील मजुरी यांवर येथील संसार चालतो. गावात प्राथमिक आरोग्य केंद्र आहे आणि आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालय घोडेगावला आहे. म्हणजे घरची रीत आणि शासनाचे कागद या दोन्ही गोष्टी येथे एकमेकींच्या शेजारी पाहता येतात.

जुन्नरचे सर्वांत प्रसिद्ध अर्भक

कागदपत्रांचे मौन किती खोल आहे, हे दाखविण्यास एकच उदाहरण पुरे आहे. याच परिसरातील शिवनेरी किल्ल्यावर जन्मलेल्या शिवाजी महाराजांच्या जन्मतिथीवर महाराष्ट्रात अनेक दशके वाद झाला. जेधे शकावलीतील फाल्गुन वद्य ३, शके १५५१, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०, ही तिथी अखेर शासनमान्य झाली. एका दिवसासाठी एवढे पांडित्य खर्ची पडले. पण त्या मुलाची दुसरी सहामाही, म्हणजे ऑगस्ट १६३० ते फेब्रुवारी १६३१ हा काळ, कसा गेला याची समकालीन नोंद नाही. त्याच वर्षी दख्खनमध्ये पाऊस हुकला आणि १६३० ते १६३२ चा भीषण दुष्काळ सुरू झाला. गडाखालच्या गावांत त्या हंगामात अन्नाला लागलेली मुले काय खात होती, हा प्रश्न विचारण्याची आपल्या इतिहासलेखनाला सवयच लागली नाही.

पुढे इंग्रज अधिकाऱ्यांनी नोंदी ठेवल्या. कॅप्टन अलेक्झांडर मॅकिंटॉश याने १८३० च्या दशकात महादेव कोळ्यांविषयी विस्तृत वृत्तांत लिहिला. त्यामागची प्रेरणा बंडखोरांचा बंदोबस्त ही होती, हे विसरता येत नाही. १८८५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुणे जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये जातवार चालीरीती दिल्या आहेत. तेथे पाचवीचे पूजन व बारसे आटोपले की वर्णन बहुधा जावळाकडे आणि तेथून थेट लग्नाकडे जाते. विधी दिसतो तेथे लेखणी थांबते आणि विधी नसेल तेथून पुढे सरकते. रांगण्याला विधी नाही, म्हणून रांगणाऱ्या मुलाला गॅझेटियरात जागा नाही.

घरचे कालमान

विधींचा विचार केला तर दुसऱ्या सहामाहीच्या उंबरठ्यावर एकच ठळक संस्कार उभा आहे : उष्टावण. सुश्रुतसंहिता सहाव्या महिन्यात हलके व हितकर अन्न देण्यास सांगते. काश्यपसंहिता अधिक सावध आहे; ती सहाव्यात फळ आणि दहाव्यात अन्न, असा टप्प्याटप्प्याचा क्रम सुचविते. लोकाचारात मुलाचे उष्टावण सम महिन्यात व मुलीचे विषम महिन्यात करण्याची पद्धत महाराष्ट्रात सर्वत्र आढळते. पहिला घास मामाने भरवायचा. सह्याद्रीच्या माथ्यावरील गावांत तो घास खिरीपेक्षा भाताच्या किंवा नाचणीच्या पेजेचा असणेच अधिक संभवते.

विधींपेक्षाही महत्त्वाचे साधन म्हणजे भाषा. मराठीत मूल ‘पालथे पडते’, ‘बूड टेकते’, ‘रांगते’, ‘धरून उभे राहते’ आणि पांगुळगाड्याच्या आधाराने ‘पाऊल टाकते’. ही झाली शरीराची पायरी. तिच्या शेजारीच दुसरी शब्दावली आहे : मूल ‘माणूस ओळखू लागते’, ‘बुजते’, त्याला ‘लळा लागतो’, ते ‘हेका धरते’. मानसशास्त्राने विसाव्या शतकाच्या मध्यात ज्या गोष्टींना पारिभाषिक नावे दिली, त्यांपैकी बऱ्याच गोष्टी घरातील बायकांच्या बोलण्यात आधीपासून वेगवेगळ्या ओळखलेल्या होत्या. हेमा राईरकर व गी पॉइटव्हॅ यांनी जमविलेल्या जात्यावरच्या ओव्यांच्या संग्रहात, ज्याची संख्या एक लाखाच्या वर आहे, अंगणात रांगणाऱ्या तान्हुल्याला मोठी जागा आहे. आपल्या विद्यापीठीय इतिहासाने या साधनाचा उपयोग स्त्रीजीवनासाठी केला, बालजीवनासाठी फारसा केला नाही.

या परिसरापुरते आणखी एक निरीक्षण येथे नोंदवावेसे वाटते. घरोघरी सहाणेवर उगाळल्या जाणाऱ्या बाळगुटीत हिरडा असतो. (सहा महिन्यांपर्यंत केवळ आईचेच दूध द्यावे या आजच्या वैद्यकीय आग्रहामुळे गुटीला आरोग्यसेविकेचा विरोध असतो, तो वेगळा विषय.) हाच हिरडा कोवळा असताना उतरवून वाळविला की ‘बाळहिरडा’ म्हणून विकला जातो आणि उन्हाळ्यात येथील कुटुंबांना रोख रक्कम मिळवून देतो. एकाच झाडाचे फळ मुलाच्या जिभेवर जाते आणि तेच मुलाच्या आईला दिवसभर रानात नेते. कार्तिकात जन्मलेले मूल वैशाखात, म्हणजे ऐन बाळहिरड्याच्या हंगामात, सहा महिन्यांचे होते. पौषात जन्मलेले मूल आषाढात, भाताच्या आवणीला, त्याच वयात पोहोचते. आवणीच्या चिखलात आई इरले घेऊन वाकलेली असते आणि मूल बांधावरच्या झोळीत नाहीतर घरी थोरल्या बहिणीच्या कडेवर असते. दुसरी सहामाही सुरू होणे आणि आईच्या हातांची शेताला गरज लागणे यांचा असा मेळ या अर्थव्यवस्थेत वारंवार पडतो.

शासनाचे कालमान

स्वातंत्र्योत्तर शासनाच्या दृष्टीत हे मूल हळूहळू आले, आणि आले ते मुख्यतः वजनाच्या रूपाने. एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशातील ३३ प्रकल्पांत सुरू झाली. तिच्या रचनेत सहा महिने ते तीन वर्षे हा गट पूरक आहारासाठी धरण्यात आला. परंतु त्या वयाचे मूल अंगणवाडीत येऊन बसत नाही, म्हणून त्याच्या वाट्याला घरी नेण्याचा शिधा व महिन्याचे वजन एवढेच येत गेले. १९८५ मध्ये सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रम आला आणि नववा महिना गोवराच्या लसीचा म्हणून ठरला. पुढे अ जीवनसत्त्वाचा पहिला डोसही याच भेटीला जोडला गेला. आज तळेघरसारख्या ठिकाणच्या मातेला विचारले असता ती दुसऱ्या सहामाहीतील ‘नऊ महिन्यांची सुई’ अचूक सांगू शकेल.

सहा महिने ही सीमारेषाच मुळी अलीकडची आहे, हे येथे सांगितले पाहिजे. जागतिक आरोग्य संघटनेची पूर्वीची शिफारस चार ते सहा महिने केवळ स्तनपानाची होती. २००१ मध्ये ती सहा महिने अशी निश्चित झाली. आपल्याकडे शिशुआहाराच्या जाहिरातींवर नियंत्रण आणणारा कायदा १९९२ चा. २००३ च्या दुरुस्तीने त्यातील वयोमर्यादाही सहा महिन्यांवर आली. म्हणजे शास्त्रग्रंथातील सहावा महिना आणि आरोग्य केंद्राच्या भिंतीवरील सहावा महिना यांची गाठ पडायला एकविसावे शतक उजाडावे लागले. ही गाठ व्यवहारात मात्र अजून पक्की बसलेली नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातील सहा ते आठ महिन्यांच्या मुलांपैकी सुमारे ४६ टक्के मुलांनाच स्तनपानासोबत घन वा अर्धघन आहार मिळत होता. निम्म्याहून अधिक मुलांचे उष्टावण, आहाराच्या अर्थाने, लांबलेले होते.

महाराष्ट्रातील आदिवासी बालकाकडे लक्ष वेधले गेले ते मृत्यूंमुळे. १९९२ मध्ये जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी आणि त्यानंतर मेळघाट ही नावे विधिमंडळात व वृत्तपत्रांत गाजली. गडचिरोलीत डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांनी घरोघरी नवजात बालसेवेचा प्रयोग केला आणि त्याचे निष्कर्ष १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. नवजात मृत्यूंत ६२ टक्के घट दाखविणारे हे काम पुढे देशाच्या धोरणाचा आधार झाले आणि २०११ पासून आशा कार्यकर्तीच्या नवजात भेटी सुरू झाल्या. या भेटी बेचाळिसाव्या दिवसापर्यंत होत्या. त्यानंतरच्या महिन्यांसाठी घरभेटींची स्वतंत्र योजना २०१८ मध्ये आली आणि तीत तिसरा, सहावा, नववा, बारावा व पंधरावा महिना ठरविण्यात आला. मूल जगले पाहिजे हे एकदा साध्य होऊ लागल्यावरच ते वाढते कसे, हा प्रश्न धोरणात शिरला. या क्रमाला दोष देता येत नाही. पण त्याची किंमत दुसऱ्या सहामाहीने मोजली आहे.

राज्याच्या अमृत आहार योजनेत हे अधिक स्पष्ट दिसते. आदिवासी क्षेत्रासाठी २०१५ मध्ये सुरू झालेल्या या योजनेत गरोदर स्त्रीला व मूल सहा महिन्यांचे होईपर्यंत स्तनदा मातेला दिवसातून एक वेळचा चौरस आहार देण्याचे ठरले; नंतरच्या टप्प्यात सात महिने ते सहा वर्षे वयाच्या मुलांसाठी अंडी वा केळी आली. सहाव्या महिन्यापर्यंत ताट आईचे आणि सातव्या महिन्यापासून अंडे मुलाचे. कागदावर आई व मूल या दोन व्यक्ती ज्या दिवशी वेगळ्या होतात, तो दिवस योजनेने असा नकळत नोंदवून ठेवला आहे. मुलाच्या मनात मात्र त्या सुमारास याच्या नेमके उलट घडत असते.

मनाची बाजू

सहाव्या महिन्यापर्यंत मूल बहुतेकांकडे सारख्या आनंदाने जाते. सातव्या ते नवव्या महिन्यांच्या दरम्यान ते निवड करू लागते. रेने स्पिट्झ यांनी याला ‘आठव्या महिन्याची चिंता’ म्हटले. दृष्टीआड झालेली वस्तू नाहीशी झालेली नसते, ही जाणीवही याच काळात येते, असे जाँ पियाजे यांनी दाखविले. पदराने तोंड झाकून ‘कुठं गेली आई?’ विचारण्याचा आपला खेळ या वयात एकाएकी रंगतो, त्याचे कारण हेच. आई गेली म्हणजे ‘गेली’ हे आता मुलाला कळते, म्हणून ते रडते. हे रडणे लाडावल्याचे लक्षण नसून बुद्धीच्या वाढीचे आहे.

स्पिट्झ यांनी १९४६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सहाव्या ते आठव्या महिन्यांच्या सुमारास आईपासून दुरावलेली संस्थेतील मुले वर्णिली आहेत. ती प्रथम खूप रडत, मग मिटून जात; त्यांचे वजनही घटे. काही महिन्यांच्या आत आई परतली तर ती सावरत. त्यांच्या अभ्यासपद्धतीवर पुढे कठोर टीका झाली आणि ती योग्यही होती. तथापि वजन आणि जिव्हाळा या दोन वेगळ्या रकान्यांच्या गोष्टी नाहीत, हा त्यांचा मुद्दा टिकून राहिला. जॉन बोल्बी यांनी १९५१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेसाठी लिहिलेल्या प्रबंधात तो अधिक व्यापक केला.

तळेघरच्या दृष्टीने मात्र स्पिट्झपेक्षा मेरी एन्सवर्थ अधिक उपयोगाच्या आहेत. १९५४-५५ मध्ये त्यांनी युगांडातील कंपालाजवळच्या खेड्यांत सव्वीस कुटुंबांतील तान्ह्या मुलांचे निरीक्षण केले. तेथील आया मळ्यात राबत, मूल अनेकदा इतरांकडे राही. तरीही मुलांचा आईवर लळा जडे आणि इतर जवळच्या माणसांवरही जडे. तेव्हा आई कामाला गेली म्हणून मूल बिघडते, असा सोपा निष्कर्ष काढण्याचे कारण नाही. मुलाला ओळखीचे व स्थिर असे हात हवे असतात. ते एकाहून अधिक असू शकतात. पण रोज बदलणारे नसावेत.

शारीरिक टप्प्यांबाबतही अशीच सावधगिरी हवी. जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह पाच देशांतील मुलांवरून २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या कालमर्यादा बऱ्याच सैल आहेत : आधाराविना बसणे ३.८ ते ९.२ महिने, हातागुडघ्यांवर रांगणे ५.२ ते १३.५ महिने, स्वतंत्र चालणे ८.२ ते १७.६ महिने. सुमारे ४.३ टक्के निरोगी मुले अशी रांगलीच नाहीत. केनियातील किप्सिगिस समाजात मुलांना बसण्या-चालण्याचे शिक्षण दिले जाई, म्हणून ती लवकर बसत व चालत, पण रांगण्यात पुढे नसत, असे चार्ल्स सुपर यांनी १९७६ मध्ये दाखविले. चार महिने ओल असलेल्या, चूल जमिनीलगत असलेल्या घरात मूल झोळीत व कडेवर जास्त राहिले, तर ते उशिरा रांगेल. त्यात मागासलेपण शोधणे चूक ठरेल. भारतीय अर्भकांसाठी स्वतंत्र प्रमाणके हवीत, ही जाणीव बडोद्यात प्रमिला फाटक यांच्या १९७० च्या अभ्यासाने प्रथम ठोसपणे मांडली, आणि त्याच कामातून पुढे भारतीय मुलांसाठीची विकासमापनश्रेणी तयार झाली.

भाषेचाही एक पुरावा उल्लेखनीय आहे. इंग्रजी घरातील सहा ते आठ महिन्यांची मुले हिंदीतील ‘ट’ व ‘त’ यांतील फरक सहज ओळखतात, मात्र दहा ते बारा महिन्यांपर्यंत ही क्षमता बरीच ओसरते, असे जॅनेट वर्कर व रिचर्ड टीस यांनी १९८४ मध्ये सिद्ध केले. याचा अर्थ दुसऱ्या सहामाहीत मूल आपल्या माणसांप्रमाणेच आपली भाषाही निवडते. आदिवासी मुलाच्या घरची बोली आणि शाळेची प्रमाणभाषा यांवरील आपल्या चर्चा सहाव्या वर्षापासून सुरू होतात. त्या प्रश्नाचे मूळ पहिल्याच वर्षात आहे.

कडेवर घेणारी मुलगी

राहता राहिला प्रश्न, मूल कोणाकडे राहते हा. बहुतेक ठिकाणी उत्तर दोन आहेत : आजी, नाहीतर थोरली बहीण. या दुसऱ्या उत्तराचा शैक्षणिक परिणाम सर्वप्रथम ओळखला तो ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी. सह्याद्रीच्या पलीकडे, किनारपट्टीलगत बोर्डी येथे १९४५ मध्ये त्यांनी काम आरंभले आणि १९५७ मध्ये ते कोसबाडच्या वारली वस्तीत नेले. मुले गुरांमागे जातात म्हणून कुरणशाळा निघाली. मुली धाकट्या भावंडांना सांभाळतात म्हणून शाळेत येऊ शकत नाहीत, हे पाहून पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकत्र असलेली ‘विकासवाडी’ त्यांनी उभारली. थोरलीला वर्गात बसवायचे असेल तर धाकट्याला पाळण्यात ठेवले पाहिजे, इतका हा साधा विचार होता. शासनाने कोसबाडकडून अंगणवाडी हे नाव घेतले. पाळणाघर मात्र तेथेच राहिले.

कायद्यात पाळणाघर नव्हते असे नाही. १९४८ च्या कारखाना अधिनियमात त्याची तरतूद होती; २००५ च्या राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायद्याने कामाच्या ठिकाणी सहा वर्षांखालील पाच वा अधिक मुले असल्यास त्यांच्या देखभालीसाठी एका स्त्रीची नेमणूक सांगितली. परंतु आवणी, हिरडा व नारायणगाव-मंचर पट्ट्यातील शेतमजुरी ही कामे कारखान्यात मोडत नाहीत आणि हमीच्या हजेरीपटावरही येत नाहीत.

आपल्या वाचकांपैकी अनेकींना दुसरी बाजू स्वानुभवाने ठाऊक असेल. केंद्रीय कर्मचाऱ्यांना २००८ पासून १८० दिवसांची प्रसूती रजा मिळाली आणि २०१७ च्या दुरुस्तीने संघटित क्षेत्रात ती २६ आठवडे झाली. दोन्हींचा अर्थ सहा महिने. आहाराच्या दृष्टीने ही मर्यादा शास्त्रशुद्ध आहे. मनाच्या दृष्टीने ती मूल माणूस ओळखू लागण्याच्या उंबरठ्यावर आईला परत बोलावते. प्राध्यापिकेला निदान रजेचा कागद असतो. हिरड्याच्या झाडाखाली उभ्या असलेल्या स्त्रीला तोही नाही. पण दोघींचे मूल आठव्या महिन्यात सारखेच रडते.

मार्च २०२४ मध्ये केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाने जन्म ते तीन वर्षे वयोगटाच्या उद्दीपनासाठी ‘नवचेतना’ हा राष्ट्रीय आराखडा प्रसिद्ध केला. मुलाशी बोलणे, खेळणे, त्याला प्रतिसाद देणे या गोष्टी त्यात अंगणवाडी सेविकेच्या कामाचा भाग म्हणून आल्या आहेत. वजनकाट्याच्या शेजारी प्रथमच खुळखुळा ठेवला गेला, असे म्हणता येईल. ज्या घरी आई दिवसभर नाही त्या घरी सेविकेने हे कोणाला शिकवायचे, याचे उत्तर गावागणिक शोधावे लागेल. अनेक घरांत समोर येईल ती आठ-दहा वर्षांची मुलगीच.

या मुलीचा माग काढण्याची साधने तळेघर परिसरात उपलब्ध होऊ शकतात. जिल्हा परिषदेच्या शाळांचे व आश्रमशाळांचे जुने हजेरीपट, आरोग्य केंद्राची जन्म व लसीकरण नोंदवही आणि अंगणवाडीचे वजनपत्रक ही तीन कागदपत्रे आजवर तीन खात्यांत वेगवेगळी राहिली आहेत. ज्या घरात पौष-माघात मूल जन्मले, त्या घरातील थोरल्या मुलीची जुलै-ऑगस्टमधील उपस्थिती आणि धाकट्याचे त्याच महिन्यांतील वजन एका कागदावर मांडले, तर काय दिसेल? आणि ज्या आज्या साठ-सत्तर वर्षांपूर्वी स्वतः अशा मुली होत्या, त्यांच्याकडून हे ऐकून घेण्याचे काम त्या हयात आहेत तोवरच करावे लागेल. पहिला प्रश्न सोपा असावा : तुमच्या कडेवर कोण होते, आणि त्या वर्षी तुम्ही शाळेत कितवीत होता?